मधे कुणीच नाही, मग पॅकेट गेलं कुठे?

दोन लिनक्स सर्व्हर आणि त्यांच्यामधे एकच केबल. स्विच नाही, राउटर नाही, इंटरनेटचा तर संबंधच नाही. तरी एकाने पाठवलेली सगळी पॅकेट्स दुसऱ्याला मिळत नव्हती. प्रत्येक पॅकेटवर अनुक्रमांक होता म्हणून कळलं: हजारात दोन-तीन गायब!

आमच्या प्रयोगात एक सर्व्हर कॅमेऱ्याचा डेटा घेऊन पुढे पाठवतो आणि दुसरा तो साठवतो. सगळ्यांचा पहिला संशय केबलवर, माझाही. केबल बदलण्यात दोन दिवस घालवले. खरं तर हे काम पाच मिनिटांचं. प्रत्येक इथरनेट फ्रेमच्या शेवटी 4 बाइटची सीआरसी नावाची पडताळणी-संख्या असते. वाटेत एखादा बिट जरी बिघडला तरी ती जुळत नाही. नेटवर्क कार्ड ती फ्रेम टाकून देतं आणि टाकल्याची नोंद ठेवतं. ‘एथटूल’ ही आज्ञा ती नोंद दाखवते. आमच्याकडे तिथे शून्य होतं. म्हणजे तार निर्दोष. माल दारापर्यंत सुखरूप येत होता आणि घरात शिरल्यावर हरवत होता.

वेस्ट विंडसरमधे राहणाऱ्यांना प्रिन्स्टन जंक्शन स्टेशनची संध्याकाळ सांगायला नको. न्यूयॉर्कची गाडी येते, जिन्यावर एकदम झुंबड उडते आणि थोड्या वेळाने शुकशुकाट. सरासरी काढली तर जिना रिकामाच असतो. आमचा सर्व्हरही ‘सरासरी’ निवांत होता. फरक इतकाच, की फलाटावर माणसं खोळंबतात. पॅकेटला उभं राहायला जागा नसेल तर ते सरळ फेकलं जातं.

ही जागा किती, याचा हिशोब करून मीच चकित झाले. 10 गिगाबिटच्या जोडणीवर 1500 बाइटचं पॅकेट, वरचं वेष्टण धरून 1538 बाइटचं होतं, दर 1.23 मायक्रोसेकंदाला एक, म्हणजे सेकंदाला आठ लाखांहून जास्त. कार्डाच्या रांगेत समजा 512 जागा असतील, तर कर्नलने त्या उपसल्या नाहीत तर 0.63 मिलिसेकंदात संपतात. तिथून पॅकेट जातं सॉकेटच्या बफरमधे. लिनक्सवर तो सहसा 212,992 बाइटचा असतो, पूर्ण वेगात जेमतेम 0.17 मिलिसेकंदांचा. (कर्नल स्वतःचा खर्चही त्यातच धरतो, त्यामुळे प्रत्यक्षात तो आणखी लवकर भरतो.) तेवढ्यात आपला प्रोग्रॅम डिस्कवर फाइल लिहीत बसला, की संपलं.

या दोन्ही ठिकाणच्या गळतीची मोजणी वेगवेगळी होते. पहिली ‘एथटूल’मधे दिसते, दुसरी ‘एनस्टॅट’मधे, यूडीपीच्या रिसीव्ह-बफर चुकांच्या नावाखाली. आमचा दुसरा आकडा वाढत होता.

“मग टीसीपी वापरा की,” असं एकाने सुचवलं. टीसीपी हरवलेलं पुन्हा मागतो आणि पाठवणाऱ्याला हळू करतो. ही हळू होण्याची शिस्त त्याला नंतर लागली. ऑक्टोबर 1986मधे बर्कलीत, अवघ्या 400 यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर कोसळला होता. त्यावरचा व्हॅन जेकबसनचा प्रसिद्ध लेख 1988चा. पण आमचा कॅमेरा थांबत नाही, त्यामुळे यूडीपीच.

उपाय दोन केले. बफरची कमाल मर्यादा वाढवली आणि प्रोग्रॅमलाही तेवढा बफर मागायला लावला. नुसती मर्यादा वाढवून काही होत नाही, इथे बरेच जण फसतात. आणि वाचणं व डिस्कवर लिहिणं वेगळ्या थ्रेडमधे टाकलं. दुसरं जास्त महत्त्वाचं, कारण बफर फक्त झुंबड सांभाळतो. वाचणारा सरासरीतच मंद असेल तर कितीही मोठा बफर भरणारच.

हजारात तीन म्हणजे किरकोळ, असं आमच्यातल्या काहींचं मत होतं. पण हा कॅमेरा फक्त उजळलेल्या पिक्सेलचाच डेटा पाठवतो. जितका मोठा झोत, तितकी जास्त पॅकेट्स. म्हणजे गळती नेमकी सर्वांत तेजस्वी क्षणांतच होत होती आणि आम्ही मोजायला बसलो होतो तेच क्षण! तीन आठवड्यांची मोजमापं बाद करून पुन्हा घेतली. आता प्रत्येक फाइलबरोबर सुरुवातीचा आणि शेवटचा ‘एनस्टॅट’चा आकडा साठवतो. दोन्हींत फरक दिसला, तर ती फाइल विश्लेषणात जात नाही.