मंगळवारचं पान म्हणतं, ‘कालच्यासारखंच!’

ओळख बघू, एका मिनिटाच्या व्हिडिओत किती फोटो असतात?

दहा? शंभर? छे! तब्बल १५००! आपल्याकडचे कॅमकॉर्डर दर सेकंदाला २५ फोटो काढतात. ते भराभर डोळ्यांसमोरून गेले, की आपल्याला चित्र हलताना दिसतं. खरं तर त्यातला एकही फोटो हलत नाही!

आता एक छोटासा हिशेब. चांगल्या कॅमकॉर्डरच्या एका फोटोत आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. कर गुणाकार! वीस लाखांच्याही वर जातात. प्रत्येक ठिपक्यात लाल किती, हिरवा किती, निळा किती, हे सगळं लिहून ठेवायचं. असं लिहीत बसलं, तर १६ जीबीचं कार्ड किती वेळात भरेल, सांग!

पावणेदोन मिनिटांत! मिरवणुकीत तासगावच्या गणपतीचा रथ जागचा हललाही नसेल, आणि इकडे कार्ड फुल्ल!

पण घरातला कॅमकॉर्डर तर त्याच कार्डावर चांगले दोन तास शूटिंग करतो. कसं काय?

तुझ्या वर्गाचा हजेरीपट आठव. समजा, सोमवारी बाईंनी सगळ्या मुलांची हजेरी नीट लिहिली. मंगळवारी मात्र त्यांनी एवढंच लिहिलं, ‘कालच्यासारखंच, फक्त राधा आली नाही.’ बुधवारी, ‘कालच्यासारखंच, राधा आली.’ किती शाई वाचली!

कॅमेरा अगदी हेच करतो. साताऱ्यात गच्चीवर स्टँड लावून अजिंक्यताऱ्याकडे कॅमेरा धर. डोंगर हलतोय थोडाच? मग पहिला फोटो पूर्ण लिहायचा, आणि पुढे फक्त बदल! एखादी घार गेली, तर तेवढी घार टिपायची. बाकी सगळं कालच्यासारखंच.

आणि ही तर खरी धमाल! काही फोटो मागच्याच नाही, पुढच्या फोटोकडे बघूनही लिहिले जातात. म्हणजे बुधवारच्या पानावर ‘थोडं मंगळवारसारखं, थोडं गुरुवारसारखं’! त्यासाठी कॅमेरा गुरुवारचं पान आधी लिहितो आणि बुधवारचं मागाहून. आहे की नाही कमाल? २००६ साली आलेल्या ‘एव्हीसीएचडी’ नावाच्या पद्धतीत असंच होतं. अशा कॅमेऱ्याच्या कार्डावरच्या फाइलींच्या नावापुढे बहुतेक वेळा ‘एमटीएस’ ही अक्षरं असतात.

आता चल तासगावला, सांगली जिल्ह्यात! ऋषिपंचमीला तिथे गणपतीचा तीन मजली लाकडी रथ माणसं दोरखंडांनी ओढतात. गुलाल उधळतो, गर्दी सरकते, दोर ताणले जातात. प्रत्येक फोटोत जवळजवळ सगळंच बदलतं! बिचाऱ्या कॅमेऱ्याला आता ‘कालच्यासारखंच’ म्हणताच येत नाही. म्हणून उधळलेल्या गुलालाच्या शूटिंगमध्ये कधीकधी चौकोनी चौकोनी ठिगळं दिसतात. बदल इतके, की जागा पुरत नाही!

या शूटिंगमधून तुला छोटी फिल्म बनवायची आहे. रथाने पहिला हिसका घेतला, बरोबर तिथून सुरुवात करायची. तू तिथे कात्री लावलीस. पण ते पान निघालं शुक्रवारचं! त्यावर लिहिलंय, ‘कालच्यासारखंच, फक्त दोर थोडा पुढे.’ आता काल काय होतं? गुरुवार बघा. गुरुवार म्हणतो, बुधवार बघा. असं करत संगणकाला थेट सोमवारच्या पूर्ण पानापर्यंत मागे जावं लागतं. तू प्रत्येक वेळी माऊस इकडून तिकडे सरकवलास, की पुन्हा तीच धावपळ! जुना संगणक असेल तर चित्र अडकत अडकत चालतं, पंखा घूं घूं करायला लागतो.

यावर उपाय आहे. एडिटिंगच्या आधीच एकदा निवांतपणे सगळी पानं पूर्ण लिहून घ्यायची. मंगळवारी सगळी नावं, बुधवारी सगळी नावं, रोज सगळी नावं! फाइल ‘कन्व्हर्ट’ करणं ते हेच. ‘प्रोरेस’ आणि ‘डीएनएक्सएचडी’ ही अशाच पूर्ण पानांच्या पद्धतींची नावं. ‘शॉटकट’ नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही हे काम करता येतं.

आता सांग, कन्व्हर्ट केल्यावर फाइल लहान होईल की मोठी?

मोठी! चांगली सातपट! मिनिटाला साधारण सव्वाशे एमबी घेणारी फाइल नऊशे एमबीपर्यंत फुगते. आणि चित्र? जरासुद्धा जास्त सुंदर होत नाही! रोज सगळी नावं लिहिली म्हणून वर्गात नवीन मूल थोडंच येतं? गुलालातली ती ठिगळंसुद्धा तशीच राहतात. म्हणून कार्डावरची मूळ फाइल पुसायची नाही. आणि कार्डावरून घेताना एकेक फाइल न उचलता अख्खा फोल्डरच कॉपी करायचा. मोठं शूटिंग कॅमेरा तुकड्यांत ठेवतो, आणि ते तुकडे कसे जोडायचे याची माहिती त्याच फोल्डरात असते.

कपाटात याहून जुना, छोट्या कॅसेटचा कॅमकॉर्डर आहे का? त्यावर ‘मिनी डीव्ही’ लिहिलंय का बघ. १९९५ मध्ये आलेली ही पद्धत आहे, आणि तिच्यात प्रत्येक फोटो आधीपासूनच पूर्ण असतो! आत एक इवलंसं ढोलकं सेकंदाला १५० वेळा गरगरतं आणि टेपवर तिरप्या रेघा ओढतं. एका फोटोला बारा रेघा. त्या इतक्या बारीक, की तुझ्या एका केसाच्या जाडीत पाच-सहा सहज मावतील! म्हणजे जुना कॅमेरा, पण एडिटिंगला सोपा!

मात्र कॅसेट कोरडी हवी. २००५ आणि २०१९ च्या महापुरात सांगलीत कृष्णेचं पाणी कितीतरी घरांत शिरलं होतं. कुठल्याही कॅसेटला अशी ओल लागली असेल, तर ती कॅमेऱ्यात घालू नकोस. ओली टेप त्या गरगरत्या ढोलक्याला चिकटून बसते. अशी कॅसेट थेट जाणकाराकडेच न्यायची.

कोरडी कॅसेट मात्र वायर जोडून संगणकात घेता येते. फक्त घाई चालत नाही. तासाभराची टेप आत यायला पूर्ण तास लागतो, आणि संगणकात ती साधारण १३ जीबी जागा घेते. आत्याच्या लग्नाची कॅसेट असेल, तर सुरू करण्याआधी आजीला हाक मार. कॅसेट संगणकात येईपर्यंत तुम्हा दोघांचं अख्खं लग्न बघून होईल!