वक्ररेषेवरील समान अंतरें

एखाद्या गॅलरीला वळणदार कठडा बसवावयाचा आहे, अशी कल्पना करा. त्यांतील गजांमधील अंतर सर्वत्र सारखें हवें. एखादी फट मोठी राहिली, तर लहान मुलाचें डोकें तिच्यांतून बाहेर जावयाचें. सरळ कठड्यावर पट्टी ठेवून खुणा करितां येतात. वळणावर पट्टी टेकत नाहीं. मग संगणकावर आराखडा काढणारा काय करतो?

संगणकांतील वक्ररेषा हें एक सूत्र असतें. सित्रोएनच्या कारखान्यांत पॉल द कास्तेल्जो यांनीं १९५९ सालीं, व पुढें रेनोमध्यें प्येर बेझिए यांनीं, मोटारींच्या आकारांसाठीं अशा रेषा वापरांत आणल्या. या सूत्रांत शून्यापासून एकापर्यंत वाढणारी एक राशि असते. तिला प्राचल म्हणतात. प्राचलाला किंमत द्यावी, कीं रेषेवरील एक बिंदु मिळतो. तेव्हां प्राचलाचे शंभर सारखे भाग पाडले कीं काम झालें, असें कोणासही वाटेल. फसगत होते ती येथेंच.

प्राचलाला अंतर न समजतां प्रवासांतील वेळ समजा. मुंबईहून पुण्यास जातांना आगगाडींतून दर मिनिटास एकेक फूल टाकीत गेलें, तर बोरघाटांत, गाडी मंदावल्यामुळें, फुलें दाट पडतील, सपाटीवर विरळ. म्हणून आधीं रेषेची लांबी मोजावी लागते. अशा बहुतेक रेषांच्या लांबीला सुटसुटीत सूत्र नसतें. संगणक रेषेचे सूक्ष्म तुकडे पाडतो, प्रत्येक तुकडा सरळ मानून बेरीज करतो, व मग त्या लांबीवर खुणा करतो.

'राइनो' प्रणालींतील 'ग्रासहॉपर'सारख्या साधनांत बिंदूंऐवजीं नियमच लिहून ठेवतां येतो. लांबीला १२ सेंटिमीटरांनीं भागावें, अपूर्णांक आल्यास पुढील पूर्णांक घ्यावा, व तितके समान भाग पाडावेत, एवढाच नियम. कठडा १२ मीटरांचा असल्यास भाग १०० व दोन्ही टोकें धरून गज १०१. उद्यां वळण बदलून लांबी साडेबारा मीटर झाली, तर आपोआप १०५ भाग व १०६ गज होतात, आणि अंतर सुमारें ११.९ सेंटिमीटर राहतें. नियमांत अंतराऐवजीं १०० ही संख्याच पक्की केली असती, तर अंतर निमूटपणें साडेबारा सेंटिमीटर झालें असतें, आणि संगणकानें तक्रार केली नसती. काय पक्कें धरावयाचें, हें त्याला आपणच सांगावयाचें असतें.