सातभाईंचं पाहुणं बाळ

वारंगा फाट्यावर एसटी थांबली, की निम्मी माणसं खाली उतरतात. कुणाला नांदेड गाठायचं असतं, कुणाला हिंगोली, कुणाला यवतमाळ. तेवढ्यात कुणी गरमागरम खिचडीही खाऊन घेतं. आपण मात्र मागच्या हळदीच्या शेतात जाऊ. तिथल्या बाभळीवर याहून कितीतरी लांबचा एक प्रवासी बसलेला असतो!

आधी कलकलाट ऐका. मातकट रंगाचे सात-आठ पक्षी पाचोळा उलटत, भांडल्यासारखे बोलताहेत. हे सातभाई, पक्के गावकरी! या झुडपातून त्या झुडपात, एवढीच त्यांची भरारी. रात्री फांदीवर एकमेकांना चिकटून झोपतात. पिल्लं कुणाचीही असोत, सगळी भावंडं मिळून भरवतात. मला हे फार आवडतं.

आता जूनमध्ये विजेच्या तारेवर बघा. काळा-पांढरा, डोक्यावर ऐटदार तुरा. चातक! (‘पेर्ते व्हा’ म्हणतो तो पावश्या, हा नव्हे.) दक्षिणेकडचे काही चातक वर्षभर इथेच राहतात, पण पुष्कळसे पावसाच्या वाऱ्याबरोबर आफ्रिकेतून येतात. फक्त पावसाचे थेंब पिऊन जगतो म्हणतात, ते काही खरं नाही. केसाळ सुरवंट तो मिटक्या मारत खातो.

घरटं मात्र बांधत नाही. मादी गुपचूप सातभाईंच्या घरट्यात अंडं घालते. त्यांची अंडी निळी, हिचंही निळं! ओळखणार कसं? चातकाचं पिल्लू बहुतेक वेळा आधी बाहेर येतं आणि चोच उघडून बसतं. सातभाई धावत-पळत किडे आणतात, आपलंच समजून.

पाऊस सरतो. या पिल्लाला आता आफ्रिकेला जायचंय. वाट कोण सांगणार? सातभाईंना तर शेजारचं गावही ठाऊक नाही, आणि आईबापांनी त्याला वाढवलेलंच नाही. तरी ते एकटं निघतं. वजन जेमतेम 70 ग्रॅम. पुढ्यात अरबी समुद्र. आपल्या फाट्यापासून मुंबई सुमारे 600 किलोमीटर, त्याच्या तिप्पट-चौपट पाणी! मध्ये झाड नाही, तार नाही. थकलेले प्रवासी पक्षी कधी लक्षद्वीप-मालदीवच्या चिमुकल्या बेटांवर टेकतात. प्रवासी पक्ष्यांना सूर्य, तारे आणि पृथ्वीचं चुंबकत्व दिशा दाखवतात. कुठल्या दिशेला जायचं, हे पिल्लू जन्मतःच घेऊन येतं.

ते समुद्रावर उडत असतं, त्या रात्री वारंग्याचे सातभाई बाभळीच्या फांदीवर नेहमीसारखे एकमेकांना चिकटून झोपलेले असतात.