इक्वलायझर: चढवण्याआधी उतरवून बघा

माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदातली कंपनं. आकडा लहान तर आवाज खर्जातला, मोठा तर टिपेचा. इक्वलायझर या पट्ट्याचे तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळा कमी-जास्त करू देतो.

भजनाच्या कार्यक्रमात गायकाचा आवाज घुमतोय, शब्द कळत नाहीत? बहुतेक जण ट्रेबल, म्हणजे टिपेचा भाग, चढवतात. माझं ऐका, आधी २०० ते ४०० हर्ट्झचा भाग थोडा उतरवा. गढूळपणा बहुधा तिथेच साठलेला असतो. ‘स’, ‘श’ कानाला टोचत असतील तर ५ ते ८ हजार हर्ट्झकडे बघा. माइकला १०० हर्ट्झच्या आसपास लो-कट, म्हणजे त्याखालचा खर्ज कापणारा फिल्टर, लावला की हाताळणीची धडधडही बरीच कमी होते.

आणि डेसिबल, म्हणजे आवाजाच्या पातळीचं माप! ३ डेसिबल वाढवले की ॲम्प्लिफायरला दुप्पट पॉवर लागते, १० वाढवले की दहापट. कानाला मात्र तो आवाज साधारण दुप्पटच वाटतो. म्हणून इक्वलायझरचे सगळे फेडर, म्हणजे सरकवायची बटणं, वर ढकललेले दिसले की मला स्पीकरची काळजी वाटते. माइक-स्पीकरची शिट्टी (फीडबॅक) सुरू झाली, तर ती ज्या फ्रिक्वेन्सीवर वाजतेय तेवढाच फेडर खाली घ्या, बाकीच्यांना हात लावू नका.