लढाऊ विमानांचे नामकरण

नाशिकहून मुंबई-आग्रा रस्त्याने ईशान्येकडे निघाले की सुमारे वीस किलोमीटरवर ओझर हे गाव लागते. येथील कारखान्यात १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून मिग-२१ जातीची लढाऊ विमाने तयार होऊ लागली. या एकाच विमानाला नावे मात्र अनेक होती. त्याच्या जन्मदात्या देशात ते आद्याक्षरे आणि आकडा यांनी ओळखले जाई. त्रिकोणी पंखांमुळे तेथील वैमानिकांनी त्याला 'बालालायका' या आपल्या तीनकोनी तंतुवाद्याचे नाव दिले होते. पाश्चात्त्य राष्ट्रांच्या यादीत ते 'फिशबेड' होते. भारतीय हवाई दलाच्या व्यवहारात त्याचा ओझरला तयार होणारा पहिला प्रकार 'टाइप ७७' म्हणून नोंदलेला होता आणि त्याचे अधिकृत भारतीय नाव होते 'त्रिशूल'. विमानाला नाव देण्याचा अधिकार कोणाचा, आणि दिलेल्या नावांपैकी कोणते टिकते, हे दोन प्रश्न येथे सहजच उपस्थित होतात.

पहिल्या महायुद्धात या प्रश्नाला फारसे महत्त्व नव्हते. कारखाने विमानांना अक्षरे व आकडे देत. नाव पडे ते छावणीत. 'कॅमल' हे त्या काळचे सर्वांत गाजलेले ब्रिटिश लढाऊ विमान. त्याच्या पुढच्या भागात दोन मशीनगनांवर पत्र्याचे आवरण होते व ते उंटाच्या वशिंडासारखे दिसे, एवढेच या नावाचे कारण. भारतीय वैमानिक हरदितसिंग मलिक यांनी १९१७ मध्ये याच विमानातून युद्धात भाग घेतला होता.

पुढे ब्रिटिश हवाई मंत्रालयाने या बाबतीत नियम केले. बाँबफेकी विमानांना देशाच्या अंतर्भागातील शहरांची नावे द्यावीत, सागरी विमानांना किनाऱ्यावरील गावांची, आणि लढाऊ विमानांना वेग, चपळाई वा आक्रमकता सूचित करणारी, असा साधारण संकेत ठरला. लँकेस्टर, हॅलिफॅक्स, संडरलँड ही नावे अशी आली. शक्य तेथे कंपनीच्या नावाचे आद्याक्षरही जुळवले जाई. हॉकर कंपनीने वाऱ्यांची परंपराच धरली. हरिकेन, टायफून, टेम्पेस्ट ही तिची सर्व विमाने वादळे होती. त्यांपैकी हरिकेन आपल्या हवाई दलाने ब्रह्मदेशाच्या आघाडीवर वापरले, तर टेम्पेस्ट विमाने १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात उतरली.

नियम कितीही केले तरी खरी नावे पुष्कळदा घरगुती कारणांनी पडतात. 'स्पिटफायर' हा शब्द इंग्रजीत तापट, चटकन भडकणाऱ्या मुलीसाठी वापरला जात असे. आपल्याकडे अशा मुलीला 'लवंगी मिरची' म्हणतात. व्हिकर्स कंपनीचे संचालक रॉबर्ट मॅक्लीन आपल्या मुलीला या शब्दाने हाक मारीत, आणि त्यांच्याच आग्रहाने हे नाव विमानाला मिळाले. 'श्रू', म्हणजे चिचुंद्री, हे नावही विचारात होते. विमानाचे शिल्पकार रेजिनाल्ड मिचेल यांना निवडलेले नाव मुळीच आवडले नाही. ते त्यांना निव्वळ मूर्खपणाचे वाटले. ज्याने विमान घडवले त्याचे मत नामकरणाच्या वेळी विचारले जाईलच असे नाही, याचे हे ठळक उदाहरण होय.

१९४० मध्ये या विमानांना आणखी एका मार्गाने नावे मिळू लागली. पाच हजार पौंडांची देणगी देणाऱ्याला एका स्पिटफायरवर आपले नाव घालण्याची मुभा ब्रिटिश सरकारने दिली. प्रत्यक्ष खर्च याहून अधिक येत असे, तरीही शहरे, संस्थाने, कारखाने व वृत्तपत्रे यांनी निधी जमवले. विमानाच्या पुढील बाजूस पिवळ्या अक्षरांत देणगीदाराचे नाव रंगवले जाई. मोठ्या देणगीसाठी संपूर्ण पथकालाच नाव मिळे. ब्रिटिश हवाई दलाचे १२४ वे पथक 'बडोदा' आणि १३२ वे 'मुंबई शहर' या नावांनी लढले ते यामुळेच. गायकवाडांच्या राजधानीचे नाव इंग्लंडच्या आकाशात फिरले, परंतु ज्या प्रजेच्या कराच्या पैशातून संस्थानांच्या देणग्या दिल्या जात, तिला त्याबद्दल कोणी विचारले नव्हते.

अमेरिकेत तर लढाऊ विमानांना दीर्घकाळ केवळ आकडेच होते. आज अमेरिकी वाटणारी 'मस्टँग' आणि 'लाइटनिंग' ही नावे प्रत्यक्षात विमाने विकत घेणाऱ्या ब्रिटिशांनी दिली. गिऱ्हाइकाने ठेवलेले नाव उत्पादकाने स्वीकारले, असा हा प्रकार होता.

शत्रूच्या विमानांची गोष्ट वेगळी होती. जपानच्या नौदलाचे प्रसिद्ध लढाऊ विमान 'शून्य' या आकड्याने ओळखले जाई, कारण ते जपानी कालगणनेच्या २६०० व्या वर्षी, म्हणजे १९४० साली, सेवेत घेतले गेले आणि वर्षाचा शेवटचा अंक शून्य होता. दोस्त सैनिकांना अशा आकड्यांत घोटाळा होऊ लागला. तेव्हा १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या फ्रँक मॅकॉय या अमेरिकी अधिकाऱ्याने एक सोपी युक्ती काढली. लढाऊ विमानांना पुरुषांची व बाँबफेकी विमानांना स्त्रियांची नावे द्यायची. स्वतः टेनेसीचा असल्यामुळे त्याने डोंगराळ खेड्यांत ऐकू येणारी झीक, नेट, रूफ अशी नावे वाटून टाकली. एका विमानाचे नाव 'हॅप' ठेवले गेले; पण अमेरिकी हवाई सेनेचे प्रमुख जनरल अर्नोल्ड यांना सारे 'हॅप' म्हणत. ते घाईने बदलून 'हॅम्प' करण्यात आले. इतके करूनही 'झीक' मागे पडले आणि 'झीरो' हेच लोकांच्या तोंडी राहिले.

युद्धानंतर सोव्हिएत विमानांसाठी पाश्चात्त्यांनी हीच पद्धत चालू ठेवली. लढाऊ विमानाचे सांकेतिक नाव 'फ'ने सुरू व्हावे आणि जेट असल्यास ते दोन अवयवांचे असावे, हा तिचा नियम. फिशबेड, फॉक्सबॅट, फ्लँकर ही नावे बिनतारी संदेशात स्पष्ट ऐकू यावीत एवढीच अपेक्षा होती. अर्थ शोधण्यात हशील नाही.

स्वतंत्र भारताने परदेशी विमाने घेतली तेव्हा त्यांतील काहींचे नामांतर केले. १९५३ मध्ये फ्रान्सकडून आलेले 'उरागाँ' हे 'तुफानी' झाले. फ्रेंच शब्दाचा अर्थही तुफान असाच असल्याने हे सरळ भाषांतर होते. हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात कुर्ट टँक या जर्मन तंत्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेले, १७ जून १९६१ रोजी प्रथम उडालेले विमान 'मरुत' म्हटले गेले. वेदांतील वायुदेवतांचे हे नाव हॉकरच्या वादळांच्या पंक्तीत सहज शोभते.

'नॅट'ची कथा अधिक बोलकी आहे. नॅट म्हणजे चिलट. आकाराने चिमुकल्या विमानाला ते शोभणारेच होते, आणि १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर निर्मलजितसिंग सेखाँ यांनी परमवीर चक्र मिळवले ते याच चिलटात बसून. पुढे बंगळूरला त्याची सुधारित आवृत्ती निघाली तेव्हा तिला 'अजीत' असे भारदस्त नाव मिळाले. लोकांच्या स्मरणात मात्र नॅटच राहिले.

नंतरच्या नावांत संस्कृत आणि फारसी शेजारी शेजारी बसलेली दिसतात: मिराजला 'वज्र', मिग-२५ ला 'गरुड', जग्वारला 'शमशेर', ओझरला बनलेल्या मिग-२७ ला 'बहादूर'. शेवटची दोन नावे एकत्र उच्चारताच मराठी वाचकाला पानिपतावर लढलेला, बाजीराव व मस्तानी यांचा पुत्र शमशेरबहादूर आठवेल. नावे ठरवणाऱ्यांच्या मनात तो होता असे नव्हे. अलीकडच्या सुखोई-३० ला वा २०२० मध्ये दाखल झालेल्या राफालला असे नाव दिलेच गेले नाही; 'राफाल' म्हणजे वाऱ्याचा झोत, तेव्हा ते जुन्याच कुळातले आहे. स्वदेशी हलक्या लढाऊ विमानाचे 'तेजस' हे नाव पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी ४ मे २००३ रोजी दिले, म्हणजे पहिल्या उड्डाणानंतर दोन वर्षांनी.

आता पुन्हा ओझरकडे वळू. 'मिग' हा शब्द मिकोयान आणि गुरेविच या दोन तंत्रज्ञांच्या नावांतून बनला आहे. मधल्या 'इ'चा रशियन अर्थ 'आणि' एवढाच. 'त्रिशूल' हे नाव अर्थपूर्ण होते, सर्वांना समजणारे होते, तरी वैमानिक 'टाइप ७७' म्हणत राहिले आणि कामगार 'मिग' म्हणत राहिले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगढ येथे मिग-२१ ला निरोप देण्यात आला तेव्हाही वृत्तपत्रांच्या मथळ्यांत ते मिगच होते. त्यानंतर तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरच्या धावपट्टीवरून तेथे तयार झालेले पहिले तेजस उडाले. गावालगतच्या कारखान्याला व त्याच्या वसाहतीला नाशिककर आजही 'ओझर मिग' म्हणतात.