फटकळ ब्रायन

"मी बाई तोंडावर बोलते, माझ्या पोटात काही नसतं!" हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेलं आहे. एखादी आत्या, एखादी मोठी जाऊ, नाहीतर शेजारच्या काकू. लोक त्यांना वचकून असतात, पाठीमागे नावं ठेवतात आणि घरात लग्नकार्य निघालं की पहिला सल्ला त्यांचाच घेतात. अशाच एका फटकळ माणसाची ही गोष्ट. माणूस इंग्लंडचा, ब्रायन क्लफ त्याचं नाव, आणि क्षेत्र फुटबॉलचं. पण मैत्रिणींनो, "फुटबॉलचं आपल्याला काय?" म्हणून पान उलटू नका. यात गोल थोडे आहेत, माणसंच जास्त.

ब्रायनचा जन्म १९३५ चा, मिडल्सब्रो या कारखान्यांच्या गावातला. वडील गोळ्या-टॉफीच्या कारखान्यात कामाला आणि घरात पोरांचं लेंढार. नऊ भावंडांतला हा सहावा. त्यातली थोरली बहीण लहानपणीच गेलेली. अकराव्या वर्षी तिकडे एक परीक्षा असायची, ती पास झाली तरच पुढं चांगली शाळा. ब्रायन नापास झाला. शाळा सुटली ती कुठलंही प्रमाणपत्र हातात न पडताच. पण पायात जादू होती. मिडल्सब्रो आणि सुंदरलँड या दोन क्लबांकडून लीगच्या २७४ सामन्यांत त्यानं २५१ गोल केले. १९५९ साली बार्बरा नावाच्या मुलीशी लग्न केलं. मग १९६२ च्या डिसेंबरात, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, समोरच्या गोलरक्षकाशी जोरदार टक्कर झाली आणि गुडघा गेला. वय वर्षं २७. पुढं दोन वर्षांनी जेमतेम तीन सामने खेळला आणि कारकीर्द संपली.

असा हात-पाय मोडलेला कमावता पुरुष घरात बसला की काय होतं, ते वेगळं सांगायला नको. हा सावरला तो त्याच्या जिभेमुळे. तिकडे 'मॅनेजर' म्हणजे कचेरीत सह्या करणारा साहेब नव्हे. संघात कोण खेळणार, कुणाला विकत घ्यायचं, कुणाला घरी बसवायचं, सगळं त्या काळी तोच ठरवायचा. १९६५ साली तिशीतल्या ब्रायनला हार्टलपूल या अगदी तळाच्या क्लबानं बोलावलं. तिथं जाताना त्यानं आपला जुना मित्र पीटर टेलर याला बरोबर घेतलं. पीटर पूर्वी गोलरक्षक होता. बोलायला कमी, पण माणूस ओळखण्यात पक्का. क्लबाकडे पैसा नव्हता. ब्रायननं बस चालवायचं लायसन्स काढलं आणि पैसे गोळा करायला गावभर फिरला. आपल्याकडे महिला मंडळाची इमारत उभी करायला आपण पावतीपुस्तकं घेऊन फिरतो, त्यातलाच प्रकार!

नंतर डर्बी नावाच्या शहराचा क्लब. १९६७ साली हे दोघं गेले तेव्हा तो दुसऱ्या श्रेणीत रखडत होता. १९७२ साली तो इंग्लंडचा विजेता झाला, इतिहासात पहिल्यांदाच. आता ब्रायन टीव्हीवर दिसू लागला, वर्तमानपत्रांत लिहू लागला, ज्याला त्याला टोले देऊ लागला. क्लबाच्या अध्यक्षांना ते रुचेना. १९७३ साली भांडण विकोपाला गेलं आणि दोघांनी राजीनामे फेकले. त्यांना परत घ्या म्हणून खेळाडूंनी पत्र लिहिलं, गावानं निदर्शनं केली, पण उपयोग झाला नाही.

१९७४ साली तो लीड्स या गाजलेल्या क्लबात गेला. पूर्वी ह्याच क्लबाला त्यानं जाहीर शिव्या घातलेल्या. पहिल्याच दिवसांत खेळाडूंना म्हणाला, तुमची पदकं कचऱ्याच्या डब्यात टाका, ती तुम्ही लबाडीनं मिळवलीत. नवी सून पहिल्या दिवशी सासरच्या देव्हाऱ्याला नावं ठेवेल तर काय होईल? ४४ दिवसांत नारळ मिळाला. मला एक गोष्ट इथं लक्षात घेण्यासारखी वाटते. या खेपेला पीटर बरोबर नव्हता.

पुढचं मात्र नवलच. १९७५ च्या जानेवारीत नॉटिंगहॅम फॉरेस्ट हा साधासुधा क्लब त्यानं हाती घेतला, दीड वर्षानं पीटर येऊन मिळाला. १९७७ ला पहिल्या श्रेणीत बढती, १९७८ ला थेट इंग्लंडचं विजेतेपद, आणि १९७९ व १९८० असं लागोपाठ दोनदा युरोपचं! मधे लीगचे सलग ४२ सामने हार नाही. आणि हे सगळं कुणाच्या जोरावर, तर बाकीच्यांनी मोडीत काढलेल्या खेळाडूंच्या. जॉन रॉबर्टसन हा ढेरपोट्या, सिगारेट ओढणारा, अव्यवस्थित मुलगा; १९८० च्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल त्याचा. या जोडीच्या संघात पंचांशी हुज्जत घालायला बंदी होती. प्रेक्षकांनी शिव्या देऊ नयेत म्हणून ब्रायननं मैदानावर स्वतःच्या नावानं पाटी लावली. स्वतःचं तोंड मात्र मोकळंच! "मी सगळ्यात उत्तम मॅनेजर आहे असं म्हणणार नाही, पण पहिल्या एकात माझा नंबर नक्की," हे त्याचं बोलणं तिकडे अजून लोकांच्या तोंडी आहे.

पण कौतुक इथंच थांबवते. कारण जिभेला हाड नसतं, हे याच्याबाबतीत फार वाईट अर्थानंही खरं ठरलं. त्याच्या संघात जस्टिन फॅशनू नावाचा तरुण खेळाडू होता. तो समलिंगी असल्याचं ब्रायनच्या कानावर आल्यावर त्यानं त्याला ज्या शब्दांत सुनावलं, ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. आत्मचरित्रात त्यानं ते स्वतःच सांगितलंय. त्या मुलाला सरावालाही येऊ दिलं नाही. १९९८ साली फॅशनूनं आत्महत्या केली. तिच्यामागं कारणं अनेक असतील, तिचा दोष एका माणसावर टाकता येणार नाही. पण 'स्पष्टवक्तेपणा' म्हणून आपण जे खपवून घेतो, त्यातला किती भाग नुसता दांडगेपणा असतो?

दुसरं उदाहरण हिल्सबरोचं. १९८९ च्या एप्रिलमध्ये शेफील्डच्या मैदानावर चेंगराचेंगरी झाली, तिच्यात लिव्हरपूलचे ९७ चाहते गेले. समोरचा संघ ब्रायनचाच होता. १९९४ च्या आत्मचरित्रात त्यानं त्या चाहत्यांनाच दोष दिला. मुलं गमावलेल्या आयांना काय वाटलं असेल! २०१६ साली चौकशीत ज्युरींनी स्पष्ट सांगितलं, चाहत्यांचा काही दोष नव्हता.

आता पीटरचं. १९८२ साली तो फॉरेस्टमधून निवृत्त झाला आणि थोड्याच महिन्यांत डर्बीचा मॅनेजर म्हणून परतला. १९८३ साली त्यानं त्याच जॉन रॉबर्टसनला आपल्याकडे ओढलं, ब्रायनला एका शब्दानंही न सांगता. झालं! ब्रायननं बोलणं टाकलं. पीटरची गाडी रस्त्यात बंद पडलेली दिसली तर त्याला बसवून घेणार नाही, अंगावर गाडी घालीन, असं तो वर्तमानपत्रातून म्हणाला. जगाशी तोंडावर बोलणारा हा माणूस जिवलग मित्राशी सात वर्षं एक शब्द बोलला नाही. भाऊबंदकीत धुऱ्यावरून धरलेले अबोले मी खूप पाहिलेत, त्यातलीच ही गत. १९९० च्या ऑक्टोबरात पीटर गेला. ब्रायन अंत्यविधीला गेला, तेव्हा बोलायला समोर कुणी उरलं नव्हतं.

दारू आधीपासून होतीच, ती वाढत गेली. मी व्यसनमुक्तीच्या कामात आहे, त्यामुळे माझं लक्ष इथं जास्त अडकतं. लाल झालेला चेहरा टीव्हीवर सगळा देश बघत होता. पण इतरांना सडेतोड बोलणाऱ्या माणसाला सडेतोड कोण सांगणार? आमच्याकडे येणाऱ्या बायकाही हेच सांगतात, "ताई, त्यांच्यापुढं बोलायची कुणाची टाप नाही हो." १९९३ साली फॉरेस्ट खालच्या श्रेणीत घसरला आणि १८ वर्षांनी ब्रायननं क्लब सोडला. २००३ साली यकृत बदलावं लागलं. २० सप्टेंबर २००४ रोजी पोटाच्या कर्करोगानं तो गेला, ६९ व्या वर्षी. प्रार्थना डर्बीच्या कॅथेड्रलमध्ये व्हायची होती, पण येणारे इतके की ती मैदानावर घ्यावी लागली. १४ हजारांवर माणसं जमली.

बार्बरा ४५ वर्षांच्या संसारात प्रसिद्धीपासून लांबच राहिली. २००८ साली नॉटिंगहॅममध्ये नवऱ्याच्या पुतळ्याचं अनावरण तिनंच केलं. डर्बीतला पुतळा २०१० चा, मैदानाबाहेरचा. त्यात ब्रायन एकटा नाही, शेजारी पीटर टेलर उभा आहे.

ब्रायनच्या आत्मचरित्राची अर्पणपत्रिकाही पीटरच्याच नावे आहे. तुझी फार उणीव भासते, असं तिच्यात त्यानं लिहिलंय. ते छापून आलं तेव्हा पीटरला जाऊन चार वर्षं झाली होती.