एक फळी, चार चाके

आमच्या सोसायटीच्या फलकावर काही वर्षांपूर्वी एक सूचना लागली होती : ‘आवारात चाकांचे खेळ खेळण्यास सक्त मनाई आहे.’ खाली चिटणीस म्हणून सही माझीच. तिसऱ्या मजल्यावरच्या एका चिरंजीवांना वाढदिवसाला स्केटबोर्ड मिळाला होता. चार चाकांच्या त्या फळीवर उभे राहून ते ऐन दुपारी, म्हणजे सभासदांच्या वामकुक्षीच्या वेळी, आवारभर खडखडाट करीत. तक्रारी आल्या, मी सही ठोकली आणि महिन्याभराने मुलीकडे लंडनला गेलो.

तेथे एका संध्याकाळी थेम्सच्या दक्षिण तीरावरील क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये आम्ही गाण्याला निघालो होतो. दाराशी पोचतो न पोचतो तोच खालून आवाज आला, खड् खड् खड्... खटाक्! मी दचकलो. सात समुद्र ओलांडले तरी पाठ सोडीना!

ही इमारत 1967 साली उघडली. तिच्या पोटाखाली जाड खांब आणि उतरत्या काँक्रीटच्या कडा असलेली एक मोकळी जागा राहिली. शिल्पकारांनी काही ती खेळासाठी बांधली नव्हती. पण 1970 नंतरच्या काही वर्षांतच पोरांनी ती हेरली. मी वाकून पाहिले, तर दहा-बारा वर्षांपासून पन्नाशीपर्यंतची मंडळी तेथे घसरत होती, उडत होती, आपटत होती आणि पुन्हा उठत होती. एक पिकल्या केसांचे गृहस्थ आपल्या मुलाला पाय कोठे ठेवावा ते दाखवीत होते. लहानपणी आपण येथेच पडायला शिकलो, असे ते हसत म्हणाले. चालायला नव्हे हो, पडायला!

“बाबा,” मुलगी म्हणाली, “दादाची बेअरिंगची गाडी आठवते का तुम्हांला?”

न आठवून कसे चालेल? गॅरेजवाल्याच्या मागे लागून आणलेली तीन जुनी बेअरिंगे, खोक्याची फळी, पुढे आडवा दांडा आणि वळवायला सुतळी. आळीतल्या उतारावरून ती सुटली की दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडत. वार्षिक परीक्षेत गणिताचे गुण कमी पडले, तेव्हा मी ती गाडी भंगारवाल्याला देऊन टाकली. चिरंजीव त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत. मुलीने एवढ्या वर्षांनी आठवण काढली, तेव्हा कळले की घरात ती गोष्ट कोणीच विसरले नव्हते.

त्या रात्री या फळीचे कूळ शोधायला बसलो. गंमत अशी की, ते आमच्या आळीतल्या गाडीच्या भाऊबंदांतलेच निघाले! 1950 च्या सुमारास कॅलिफोर्नियात लाटांवर फळी घेऊन स्वार होणारी पोरे होती. समुद्र शांत असला की त्यांना करमेना. मग चाकांच्या बुटांची चाके काढून त्यांनी फळकुटाला ठोकली आणि रस्त्यालाच लाट मानले. पुढे कारखान्यांनी फळ्या बाजारात आणल्या. ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मे 1965 मधील मुखपृष्ठावर पॅट मॅगी ही तरुणी धावत्या फळीवर हातांवर उभी आहे, पाय आभाळाकडे! आत मात्र या वेडापासून असलेल्या धोक्याचीही चर्चा होती. ‘स्केटरडेटर’ या नावाचा एक लघुपटही त्याच वर्षी निघाला. त्यात संवादाचा एक शब्द नाही, आणि 1966 साली कान महोत्सवात लघुपटांचे सर्वोच्च पारितोषिक त्याने मिळविले.

त्या काळी चाके भाजलेल्या मातीसारख्या कठीण द्रव्याची असत. वाटाण्याएवढा खडा आडवा आला की फळी जागच्या जागी थांबे आणि स्वार पुढे जाई! वेड ओसरले. 1970 नंतर फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने पॉलियुरेथेनची, किंचित मऊ चाके आणली. ती जमीन धरून चालू लागली आणि खेळात पुन्हा जीव आला. पुढे 1976-77 मध्ये कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला. बंगल्यांतील पोहण्याचे तलाव कोरडे पडले, आणि कुंपणावरून उड्या मारून पोरे त्या गोलाकार भिंतींवर चढू लागली. एकाचा दुष्काळ, दुसऱ्याचा सुकाळ म्हणतात तो असा!

वडीलधाऱ्यांचा राग मात्र सर्वत्र सारखाच. नॉर्वेने तर 1978 पासून 1989 पर्यंत स्केटबोर्डवर देशभर बंदी घातली. माझी सूचना त्यापुढे अगदीच किरकोळ! फिलाडेल्फियात ‘लव्ह पार्क’ नावाचा चौक आहे. 2002 मध्ये तेथे स्केटबोर्डला मनाई झाली. तेव्हा त्या चौकाची मूळ कल्पना मांडणारे नगररचनाकार एडमंड बेकन निषेधासाठी स्वतः फळीवर चढले. वय वर्षे 92! डोक्यावर शिरस्त्राण, आधाराला तरुण मंडळी, आणि आजोबा चौकातून निघाले! मी मनात माझी सही आणि त्यांची स्वारी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. तुलना सुखाची नव्हती.

थेम्सकाठच्या जागेवरही गदा आली होतीच. 2013 मध्ये तेथे दुकाने काढण्याचा बेत पुढे आला. पोरांना पलीकडच्या पुलाखाली नवी जागा बांधून देऊ, असेही सांगण्यात आले. पण ती अडून बसली. बांधून दिलेली जागा वेगळी आणि आपली आपण शोधलेली जागा वेगळी, हा त्यांचा मुद्दा. 2014 मध्ये समेट होऊन जागा राहिली. 2019 मध्ये तर तिचा बंद पडलेला भागही दुरुस्त होऊन खुला झाला. लंडनच्याच हॉर्नचर्च भागातील 1978 चे एक स्केटबोर्डचे मैदानही 2014 मध्येच संरक्षित वास्तूंच्या यादीत गेले. जुन्या देवळांना मिळावा तसा मान काँक्रीटच्या खड्ड्यांना! आणि 2021 मध्ये टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये मोमिजी निशिया या 13 वर्षांच्या जपानी मुलीने याच फळीवर सुवर्णपदक पटकावले.

परत आल्यावर सभेत मी विषय काढला. म्हटले, संध्याकाळी पाच ते सात मागचे आवार पोरांना द्यावे. डोक्यावर शिरस्त्राण सक्तीचे, आणि दुपारची झोप अबाधित. तासभर रणधुमाळी झाली. हाडे मोडली तर जबाबदार कोण, असे कोणी विचारले. पालकांनी तसे लिहून द्यावे, असे ठरले. दोन मतांनी ठराव मंजूर झाला.

त्या रात्री मुलाला फोन केला आणि सगळी हकीकत सांगितली. तो हसला. मग जरा थांबून म्हणाला, “बाबा, त्या गाडीचं पुढचं बेअरिंग मी आदल्या दिवशीच काढून ठेवलं होतं. अजून आहे माझ्याकडे.”